डॉर्टची धर्मसभा आणि तारणाच्या नकाराचा प्रश्न

ख्रिस्ती धर्मशास्त्रात तारण हे देवाचे दान मानले आहे. दान म्हटले की घेणारा आला, आणि घेणाऱ्याबरोबर न घेणाराही आला. हा नकार माणसाच्या सत्तेत आहे काय, यावर सतराव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्सच्या प्रजासत्ताकात जो वाद माजला, त्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. या वादाला 'दैव विरुद्ध प्रयत्न' असे नाव देण्याचा मोह होतो. परंतु ते यथार्थ नाही.

याकोबुस आर्मिनियस हा १६०३ साली लायडन विद्यापीठात धर्मशास्त्राचा अध्यापक झाला. देवाने अनादिकाळी केलेली निवड माणसाच्या श्रद्धेवर मुळीच अवलंबून नाही, हे त्याचा सहकारी गोमारुस याचे मत. उलट, श्रद्धा ठेवणाऱ्यांनाच देव निवडतो, असे आर्मिनियस म्हणे. त्याचा एक दृष्टांत मार्मिक आहे : भिकाऱ्याने हात पुढे केला म्हणून भिक्षेचे भिक्षापण जात नाही. आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढील वर्षी त्याच्या अनुयायांनी हॉलंडच्या प्रांतिक सभेस पाच कलमांचे निवेदन सादर केले. त्याचे तिसरे कलम वाचून पुष्कळांस नवल वाटेल. कृपेवाचून मनुष्य कोणत्याही सत्कर्माची इच्छासुद्धा करू शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे स्वप्रयत्नाने तारण मिळते, असे म्हणणारा या वादात कोणीच नव्हता. खरा तंटा चौथ्या कलमाचा : कृपेला विरोध करता येतो की नाही? एकदा स्वीकारलेले तारण पुन्हा गमावता येते काय, हा पाचव्या कलमाचा प्रश्न तर निवेदनकर्त्यांनीच त्या वेळी अनिर्णित ठेवला होता.

नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ या काळात डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने या कलमांना उत्तर दिले. तिच्या निर्णयग्रंथात तिसरा व चौथा हे विभाग एकत्र केले आहेत, आणि ही जोडणी अर्थपूर्ण आहे. कारण तिसरे कलम स्वतंत्रपणे आक्षेपार्ह नव्हते. सभेच्या मते, सुवार्ता ऐकून जो ती नाकारतो त्याचा दोष सर्वस्वी त्याचाच. जो स्वीकारतो त्याचे श्रेय मात्र सर्वस्वी देवाचे. कृपा माणसाला लाकूडदगडासारखे वागवीत नाही, त्याची इच्छाच पालटते, असेही सभेने आवर्जून सांगितले. नकार माणसाचा, होकार देवाचा : ही विषमता सभेला दोष वाटली नाही, आणि आर्मिनियसपंथीयांना ती कधीच पटली नाही.

आपल्या वाचकांस येथे श्रीवैष्णवांतील मर्कटकिशोर व मार्जारकिशोर या न्यायांचे स्मरण होईल. साम्य आहे, पण ते अर्ध्यापर्यंतच. माकडाचे पिलू आईला बिलगते, मांजराचे पिलू नुसते उचलले जाते. आईला झिडकारणारे पिलू मात्र दोन्ही दृष्टांतांत नाही. डॉर्टचा वाद नेमका त्याच पिलाविषयी होता.

धर्मसभेच्या मागे राजसत्ता उभी होती, हे विसरता कामा नये. आर्मिनियसपंथीयांचा पाठीराखा, वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेफेल्ट, आणि नासाऊचा मॉरिस यांचे स्पेनबरोबरच्या १६०९ च्या तहापासून वितुष्ट आले होते. १३ मे १६१९ रोजी हेग येथे ओल्डनबार्नेफेल्टचा शिरच्छेद झाला. आरोप राजकीय होते. सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना पदच्युत करण्यात आले. आजन्म कारावासाची शिक्षा झालेला ह्यूगो ग्रोशियस १६२१ साली पुस्तकांच्या पेटीत बसून निसटला. विद्याव्यासंगाचा इतका प्रत्यक्ष उपयोग क्वचितच झाला असेल. मॉरिस १६२५ मध्ये वारल्यावर छळ ओसरला, आणि १६३४ साली ॲमस्टरडॅम येथे या पंथाची स्वतंत्र धर्मशाळा निघाली.

पुढे इंग्लंडात जॉन वेस्लीने १७७८ साली आपल्या मासिकास आर्मिनियसचेच नाव दिले. मुंबईत १८२९ पासून कार्य करणारे डॉ. जॉन विल्सन हे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे डॉर्टशी मिळत्याजुळत्या मताच्या परंपरेतील. १८७१ साली तेथे आलेले विल्यम टेलर वेस्लीच्या मेथॉडिस्ट पंथाचे. हॉलंडात ज्या मतभेदापायी माणसे हद्दपार झाली, त्याच्या दोन्ही परंपरा अशा रीतीने मुंबईत एकाच शहरात उपदेश करू लागल्या.