मराठी शाळांतील इंग्रजी वाचन व अर्थग्रहण : रनाळ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास बहुधा एकाच वादाच्या अनुषंगाने लिहिला जातो. इंग्रजी कोणत्या इयत्तेपासून शिकवावे, ते माध्यम असावे की विषय असावा, ते सक्तीचे असावे की ऐच्छिक, हाच तो वाद होय. त्याची कागदपत्रे विपुल आहेत. त्यामुळे अभ्यासकाचे लक्ष तिकडे जावे हे स्वाभाविकच आहे. परंतु तेरा ते सोळा वर्षांचा मुलगा इंग्रजी पुस्तक उघडून बसला असता त्या पानावरील अर्थ त्याच्या मनात कोणत्या वाटेने उतरत असे, हा प्रश्न या वादात जवळजवळ हरवून गेला आहे. प्रस्तुत लेखात त्या वाटेचा मागोवा घ्यावयाचा आहे. त्यासाठी मुंबई-पुण्याऐवजी खानदेशातील एका गावी उभे राहून मागे पाहिले, तर काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात असे आम्हांस वाटते.

ते गाव म्हणजे नंदुरबार तालुक्यातील रनाळे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०६ साली त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि त्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. तापीखोऱ्याच्या या टापूत घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषा म्हणजे अहिराणी, गुजरी व भिलीचे निरनिराळे प्रकार. नंदुरबारच्या बाजारपेठेत गुजरातीही तितकीच रुळलेली. १९४२ च्या सप्टेंबरात नंदुरबारात गोळीबारास बळी पडलेला शाळकरी शिरीषकुमार मेहता हा गुजराती भाषक घरातलाच होता. ग्रिअर्सनने आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीत मराठीला सातवा खंड दिला. खानदेशीची नोंद मात्र १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिली भाषांच्या सोबतीने केली. हे वर्गीकरण सर्वांस मान्य झालेले नाही. तथापि शाळेची प्रमाण मराठी ही येथील मुलाची घरची भाषा नव्हे, एवढे त्यावरून ध्यानी यावयास हरकत नाही.

मराठी वाचकाची इंग्रजीशी गाठ पडली ती आरंभापासूनच शेजारणीच्या नात्याने. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्यात एका स्तंभात इंग्रजी व दुसऱ्या स्तंभात मराठी मजकूर असे. वृत्तपत्राच्या इतिहासात या गोष्टीचा उल्लेख होतो, पण वाचनशिक्षणाच्या इतिहासातही तिला जागा मिळावयास हवी. डावीकडे अडखळलेल्या वाचकाने उजवीकडे पाहावे व पुन्हा डावीकडे यावे, अशी सोय त्या मांडणीनेच करून ठेवली होती. त्याच सुमारास, १८३१ साली, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८४७ साली त्याच्या जोडीला कँडीचा इंग्रजी-मराठी कोश आला. पुढल्या शंभर वर्षांच्या इंग्रजी वाचनाची सामग्री अशी दोन दशकांच्या आत सिद्ध झाली. एकीकडे सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा, तर दुसरीकडे कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांचा कैवार घेऊन भांडत होते. वर्गात मात्र दोन्ही भाषा एकाच पाटीवर लिहिल्या जात होत्या.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. येथून पुढे इंग्रजी वाचनाची जी पद्धत शाळाशाळांतून स्थिरावली, तिच्याविषयी आजचे शिक्षणशास्त्रज्ञ तुच्छतेने बोलतात. शब्दार्थ पाठ करणे, व्याकरण चालविणे आणि भाषांतर करणे हे तिचे तीन खांब. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्या वाढल्या, त्या याच पद्धतीच्या छायेत.

या पद्धतीचे मूळ केवळ विलायती व्याकरणात शोधणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. आपल्याकडे संस्कृत श्लोक शिकविताना शास्त्रीबुवा अन्वय लावीत. विस्कटलेली पदे उचलून कर्ता, कर्म, क्रियापद अशा क्रमाने बसवावयाची, विशेषण कोणाचे ते विचारावयाचे, मग अर्थ सांगावयाचा. इंग्रजी वाक्याला मराठी शिक्षकाने नेमकी हीच वागणूक दिली. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. मराठी ‘जो’ म्हणून आधी वर्णन करते व मग ‘तो’ म्हणून माणसाकडे बोट दाखविते, इंग्रजी आधी माणूस उभा करते व मागाहून त्याचे वर्णन जोडते. लांबलचक इंग्रजी वाक्य मराठी मुलास दुर्बोध वाटते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. एकेका शब्दाचा अर्थ ठाऊक असूनही वाक्य लागत नाही. अन्वयाची सवय असलेल्या शिक्षकाने या ठिकाणी विद्यार्थ्याचा हात धरला.

शिवाय भाषांतर ही एक चाचणीही होती. कापूस पिकविणाऱ्या रनाळ्यासारख्या गावातले उदाहरण घेऊ. ‘द क्रॉप फेल्ड’ या तीन शब्दांत कठीण असे काही नाही. ‘क्रॉप’ म्हणजे पीक हे मुलाने पाठ केलेले असते. ‘फेल’ हा शब्द तर परीक्षेमुळे त्याच्या घरातही शिरलेला. तरी तो ‘पीक नापास झाले’ असे लिहितो. ते वाचून वर्ग हसतो, परंतु शिक्षकास त्या हास्यास्पद वाक्यातून एक अचूक माहिती मिळते. शब्द पोचला, अर्थ पोचला नाही. तोच मुलगा ‘पीक बुडाले’ असे लिहील, तर त्याच्या डोळ्यांपुढे शेत उभे राहिले हे निश्चित. याउलट ‘व्हॉट फेल्ड?’ असा प्रश्न विचारला, तर ‘द क्रॉप फेल्ड’ हे उत्तर धड्यातून जसेच्या तसे उचलता येते. त्यासाठी काहीच समजावे लागत नाही. भाषांतरात मुलाला लपावयास जागा नसे.

या पद्धतीचे उंच टोक पाहावयाचे तर खानदेशातच पाहावे. वि. का. राजवाडे यांनी १८९४ साली ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले व त्यातून प्लेटोचे ‘रिपब्लिक’ मराठीत आणण्यास प्रारंभ केला. राजवाड्यांचा अंत १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास झाला आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे पुढील वर्षी उभे राहिले. इंग्रजी पुस्तक वाचणे म्हणजे त्यातील मजकूर मराठीत बोलता करणे, अशी ज्या पिढीची धारणा होती तिचे ते प्रतिनिधी होते.

या धारणेला पहिला धक्का विसाव्या शतकाच्या आरंभी बसला. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात असलेले पी. सी. रेन यांनी १९११ च्या सुमारास भारतीय शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष पद्धतीवर पुस्तक लिहिले. मातृभाषेची मध्यस्थी टाळावी, वस्तू दाखवून व कृती करून इंग्रजी शिकवावे, हा त्या पद्धतीचा आग्रह. (नियतीचा विनोद असा की, हेच रेन आज आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत ते ‘रेन आणि मार्टिन’ या जाडजूड व्याकरणाच्या पुस्तकामुळे.) प्रत्यक्ष पद्धतीस इंग्रजी सफाईने बोलणारा शिक्षक, लहान वर्ग व भरपूर तास लागतात. खेड्यातील शाळेत यांपैकी एकही गोष्ट नसे. तेव्हा वस्तू दाखवून शिकविणे मागे पडले आणि ‘मराठीतून अर्थ सांगू नये’ एवढा निषेध मात्र शिल्लक राहिला.

वाचनाचा स्वतंत्र विचार झाला तो महाराष्ट्राबाहेर, ढाक्यास. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य मायकेल वेस्ट यांचा द्विभाषिकतेवरील ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विमाव्यवहारातील एक कल्पना शिक्षणात आणली. मुदतीपूर्वी विमा सोडून दिला तर विमेदाराच्या हाती किती रक्कम पडते, तसेच शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाच्या हाती त्याने शिकलेल्या इंग्रजीचे किती मोल उरते, असा त्यांचा प्रश्न होता. बोलणे व लिहिणे अर्धवट आले तर ते फारसे उपयोगी पडत नाही. वाचन मात्र अर्धे आले तरी सोपे पुस्तक समजते. म्हणून वाचन आधी. त्यासाठी त्यांनी मोजक्या शब्दांची, नवे शब्द विरळ पेरलेली व मुलांना वाचावीशी वाटतील अशी वाचनमाला तयार केली. शेतीच्या हंगामाबरोबर पट रिकामा होणाऱ्या खानदेशातील शाळांना लागू पडेल असा याहून व्यवहारी विचार आमच्या पाहण्यात नाही. आपल्याकडे वेस्टच्या शब्दसंख्येच्या मर्यादेचे अनुकरण झाले. त्याचा मूळ प्रश्न मात्र कोणी उचलला नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी पाचवी ते सातवीतून काढून आठवीपासून ठेवण्यात आले. त्यामुळे त्या काळी मराठी शाळेतील इंग्रजीचा नवशिका हा व्याख्येनेच किशोरवयीन होता. या वयाचा मुलगा मराठीतून इतिहास, भूगोल, विज्ञान वाचून विचार करू लागलेला असतो. आणि इंग्रजीच्या तासाला त्याला ‘हे टेबल आहे, ही खुर्ची आहे’ येथून आरंभ करावा लागे. त्याची बुद्धी व त्याचे पाठ्यपुस्तक यांच्यातील हे अंतर पदरचना-पद्धतीने अधिकच रुंदावले. १९५८ साली हैदराबादेस मध्यवर्ती इंग्रजी संस्था स्थापन झाली आणि त्या सुमारास देशभर ही पद्धत फैलावली. ठरावीक वाक्यरचना तोंडी घोकून घ्यावयाच्या, हे तिचे सार. कोठारी आयोगाने (१९६४–६६) उच्च शिक्षणात इंग्रजी ही ‘ग्रंथालयाची भाषा’ म्हणून उपयोगी पडेल असे म्हटले. म्हणजे प्रयोजन वाचनाचे सांगितले गेले आणि वर्गात तालीम राहिली तोंडी रचनांची.

परीक्षेने या विसंगतीत आपली सोय पाहिली. धड्याखालील प्रश्न आणि गाळलेल्या जागा यांची उत्तरे गाईडात तयार मिळू लागली. अपठित उतारा हा खरा तर आकलनाचा प्रश्न. परंतु त्यावरील प्रश्नांतील शब्द उताऱ्यात हुडकावा आणि ते वाक्य उतरवून काढावे, ही युक्ती विद्यार्थी चटकन शिकला. भाषांतराचा पहारा उठल्यावर अर्थाशिवाय गुण मिळविण्याची वाट मोकळी झाली. भाषांतराचे दोष आम्हांस ठाऊक आहेत. त्याने वाचनाची गती मारली, अनेकांना इंग्रजी बोलण्यास भीड पडली. पण आकलनाची जी एक खडतर कसोटी ते घेत होते, तिच्या जागी दुसरी कसोटी आणल्यावाचून ते काढून टाकले गेले, ही चूक क्षुल्लक नव्हे. पुढे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर व परिसरात नकाशे, वेळापत्रके अशी कोडी सोडवून घेऊन इंग्रजी शिकविण्याचा प्रयोग केला. उतारा समजल्यावाचून उत्तरच सापडू नये, अशी त्यातील कामांची रचना होती. त्या प्रयोगाची चर्चा जगभर झाली.

या ठिकाणी चीनकडे दृष्टी टाकणे बोधप्रद आहे. तेथेही परकीय भाषांचे शिक्षण दुभाषांच्या गरजेतून उगवले; पेकिंग येथील तुंगवेन क्वान ही संस्था १८६२ साली त्यासाठीच निघाली. २००१ साली चीन सरकारने इंग्रजी प्राथमिक तिसरीपासून आणण्याचे ठरविले. त्याच सुमारास, २००० साली, महाराष्ट्राने ते पहिलीपासून आणले. चिनी किशोराला इंग्रजी वाचताना पडणाऱ्या अडचणी आपल्याहून निराळ्या आहेत. त्याच्या लिपीत शब्दाशब्दांत मोकळी जागा नसते आणि अक्षर ध्वनीपेक्षा अर्थाकडे अधिक बोट दाखविते. देवनागरी वाचणाऱ्या मुलाचे नेमके उलट असते. लिहिले तसे म्हणावे, या भरवशावर तो वाढलेला. म्हणून इंग्रजी पान खडखडीत वाचून दाखविणे त्याला लवकर साधते आणि ऐकणाऱ्यास, कित्येकदा त्या मुलासही, ते समजले असे वाटते. आणखी एक भेद आहे. कँटनकडील मुलगा चिनी अक्षर पुष्कळ अंशी आपल्या बोलीच्या उच्चाराने वाचू शकत असे. रनाळ्याच्या अहिराणी मुलाला मराठी पुस्तकाने ती मोकळीक कधी दिली नाही. त्याच्या घरी मुलीला ‘आंडेर’ म्हणतात. ‘डॉटर’ या शब्दाचा अर्थ म्हणून त्याला ‘मुलगी’ किंवा, पुस्तक जुने असेल तर, ‘कन्या’ पाठ करावयास सांगितले गेले. भिली बोलणाऱ्या मुलाची वाट याहून लांब. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा अपवादाचा प्रश्न नव्हे हे उघड होते. पुण्याच्या मुलाने जे एका उडीत केले, ते येथील मुलाला दोन उड्यांत करावे लागले. आणि पहिल्या उडीची दखल कोणत्याही अभ्यासक्रमाने घेतल्याचे दिसत नाही.

चौदा ते अठरा वर्षे वयाच्या ग्रामीण मुलांविषयीची ‘असर’ पाहणी २०२३ साली झाली. देशातील निवडक जिल्ह्यांत घेतलेल्या त्या पाहणीत इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले ५७.३ टक्के आढळली आणि अशा वाचू शकणाऱ्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्या वाक्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाचणाऱ्या चौघांतील एकाला, शाळेत इतकी वर्षे काढूनही, आपण काय वाचले ते सांगता आले नाही. ती वाक्येही साधी, रोजच्या व्यवहारातील असतात. अर्थ मात्र मुलाला त्याच्या स्वतःच्या भाषेत सांगण्याची मुभा असते. अलीकडच्या वर्षांत दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतही शब्द, वाक्ये व म्हणी यांच्या भाषांतराचा एक लहानसा प्रश्न परत आला आहे. त्यात उत्तराची भाषा नमूद केलेली असते. ती विद्यार्थ्याच्या घरची नव्हे, त्याच्या शाळेच्या माध्यमाची.