साठाव्या सेकंदाचा जोड

आज गोष्ट एका सिंगलची. हल्ली अल्बम येईपर्यंत त्यातली चार-पाच गाणी आपली सुटी ऐकून झालेली असतात, त्यात काही नवल नाही. पण १९६७च्या फेब्रुवारीत बीटल्सनी जे सिंगल काढलं, त्यातली दोन्ही गाणी पुढच्या अल्बममध्ये आलीच नाहीत.

ऑगस्ट १९६६. सॅन फ्रान्सिस्कोचा कार्यक्रम संपला आणि बीटल्सनी दौरे बंद केले. लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येईना. मग चौघं चार दिशांना. जॉर्ज हॅरिसन तर थेट मुंबईत, ताजमध्ये उतरला, रविशंकरांकडे सतार शिकायला! जॉन लेनन स्पेनला सिनेमाच्या शूटिंगला गेला आणि तिथे त्याने 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' लिहायला घेतलं. स्ट्रॉबेरी फील्ड म्हणजे लिव्हरपूलमध्ये त्याच्या लहानपणीच्या घराजवळचं एक बालगृह.

नोव्हेंबरअखेर लंडनला अॅबी रोडच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं. आणि इथे माझ्यातला इंजिनिअर खुर्चीत सरसावून बसतो. लेननला सातव्या टेकची सुरुवात आवडली होती आणि सव्विसाव्या टेकचा पुढचा भाग. पहिला संथ, दुसरा जलद, त्यात ट्रम्पेट आणि चेलो, वर पट्टीही वेगळी. लेननचं म्हणणं, दोन्ही जोडून टाका. आता कॉम्प्युटर तर नव्हताच. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी एका टेपचा वेग वाढवला, दुसरीचा कमी केला. वेग बदलला की पट्टीही बदलते, आणि नशिबाने दोन्ही एकमेकांजवळ आल्या. मग टेप कापली, चिकटवली. आम्ही दोन ब्रांच मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला की आधी चहाला जातो, हे आपलं सांगून ठेवतो.

याच्या जोडीला पॉल मॅकार्टनीचं 'पेनी लेन', तेही लिव्हरपूलच्या आठवणींचं. नव्या अल्बमची सुरुवात म्हणून दोन्ही गाणी तयार होती. पण ऑगस्टनंतर बीटल्सचं नवं काहीच आलं नव्हतं. मॅनेजर ब्रायन एपस्टाइनला सिंगल हवं होतं, तेही लगेच. मार्टिनने हातातली सगळ्यात चांगली दोन गाणी देऊन टाकली.

आणि त्यांचा एक दंडक होता: ब्रिटनमध्ये सिंगलवर विकलेलं गाणं शक्यतो अल्बममध्ये पुन्हा घालायचं नाही, लोकांना एकाच गाण्याचे दोनदा पैसे पडू नयेत म्हणून. झालं, दोन्ही गाणी 'सार्जंट पेपर'मधून बाहेर! वर ब्रिटनमध्ये सिंगल दुसऱ्या नंबरवरच अडकलं. पहिल्यावर एंगलबर्ट हम्परडिंक, म्हणजे आपल्या मद्रासला जन्मलेला गायक. मार्टिन पुढे म्हणायचा, ही आपल्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक.

मीही बरीच वर्षं तेच मानत होतो. मागे आमच्या टीमने एका क्लायंटच्या घाईपायी दोन सर्वोत्तम फीचर्स आधीच वेगळी देऊन टाकली. मुख्य रिलीज आलं तेव्हा त्यात बघण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. महिनाभर मी सगळ्यांवर चिडून होतो.

पण आता मी मार्टिनच्या बाजूचा नाही. म्हणजे, त्याच्याच विरुद्ध त्याच्या बाजूने आहे. पॉकेटमनी साठवून रेकॉर्ड घेणाऱ्या एखाद्या पोराचा विचार करून कंपनीने आपला अल्बम उणा ठेवावा, हे आज एकच गाणं डिलक्स, अकूस्टिक आणि रिमिक्स असं तीनदा विकणाऱ्यांना सांगून बघा. शिवाय 'सार्जंट पेपर' उणा वाटतो का? मला नाही वाटत.

२०१७मध्ये अल्बमला पन्नास वर्षं झाली. नवं मिक्सिंग केलं मार्टिनच्या मुलाने, जाइल्सने. त्या खास आवृत्तीत ही दोन गाणीही आहेत, पण जादाच्या डिस्कवर. मूळ यादीला त्याने हात लावला नाही.

आता हेडफोन लावा आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' ऐका. एक मिनिटाच्या आसपास तो जोड आहे. त्यानंतर थोड्याच वेळात तारांची एक झुळूक येते, ती ओळखीची वाटेल. किशोरीताईंच्या मांडीवर असायचं ना, तेच, स्वरमंडल. वाजवतोय हॅरिसन.