दार कुणाला उघडतं?



आपल्या गटांच्या बैठकांत एक विषय हमखास निघतो. इंदापूर तालुक्यातल्या गावांतून कामासाठी बारामतीला गेलेली कुटुंबं. कुणी एमआयडीसीजवळ, कुणी रुई, जळोची, तांदुळवाडी भागात भाड्याच्या खोलीत राहतं. गावात आशाताई दारात यायच्या. शहरात खोली बदलली की वहीतलं नाव मागेच राहतं. सुनेला कितवा महिना, सासऱ्यांची टीबीची गोळी चालू आहे का, हे विचारायला ओळखीचं माणूस उरत नाही. बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे, महिला रुग्णालय आहे, आता मेडिकल कॉलेजही आहे. पण दवाखाना जवळ असला म्हणून पेशंट तिथं पोचतोच असं नाही. घरापासून दवाखान्यापर्यंतची ती वाट कुणीतरी सोबत चालावी लागते. ती चालणाऱ्या बाईचा इतिहास आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

सुरुवात करू आपल्याच जिल्ह्यातून. 1897 साली पुण्यात प्लेग पसरला होता. इंग्रज सरकारनं साथरोगाचा कायदा केला आणि रँड नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर तपासणीला घातले. ते घरात शिरायचे, सामान बाहेर काढायचे, आजारी माणसाला उचलून न्यायचे. लोक इतके धास्तावले की घरातला आजारी लपवून ठेवू लागले. म्हणजे रोगाबरोबर तपासणीचीही भीती बसली.

त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले काय करत होत्या? त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई वस्त्यांमधून आजारी माणसं तिथं आणायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. शाळा काढणारी सावित्रीबाई आपल्याला ठाऊक असते. तिचा शेवट आजाऱ्याला दवाखान्यात नेताना झाला, हेही मुलींना सांगायला हवं. एकाच वर्षी, एकाच शहरात सोल्जर आल्यावर दारं लागत होती आणि सावित्रीबाई आल्यावर उघडत होती.

आता पुढची गोष्ट. इंदापूरहून उजनीचं पाणी ओलांडून करमाळ्याच्या पुढे गेलं की जामखेड लागतं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोनं तिथं काम सुरू केलं. बाहत्तरच्या दुष्काळाची झळ आपल्याकडच्या जुन्या बायकांना आठवत असेल, जामखेडही त्यातच होतं. आरोळ्यांनी आधी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवल्या. पण परक्या मुलीचं गाव ऐकेना. मग त्यांनी गावालाच आपली बाई निवडायला सांगितलं. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, कितीतरी दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि परत जाऊन शेजारणींना सांगायच्या. जुलाबात पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईची तपासणी कशी करायची, लस का टोचायची. लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या घरात किती लेकरं आणि कोण अशक्त, हे त्यांना तोंडपाठ होतं. पुढे 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारलाही हे पटलं, पण अर्धंच. 2 ऑक्टोबर 1977 रोजी गावागावांत एक आरोग्यरक्षक नेमायची योजना निघाली. महिन्याला मानधन 50 रुपये. निवड झाली ती बहुतेक पुरुषांची. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना कोण येऊ देणार? जामखेडनं शिकवलेला मुख्य धडाच गळून गेला, आणि पुढे ती योजना मागे पडली.

मग गडचिरोली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणंसुद्धा त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या गावांशी तुलना करता, 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात हे छापून आलं. आज दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी बाळ बघायला येतात, त्या कामाचं मूळ गडचिरोलीत आहे.

आशा योजना आली 12 एप्रिल 2005 रोजी, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. या वेळी सरकारनं बाईच निवडली. गावातच राहणारी, सून, विधवा किंवा घटस्फोटित, साधारण हजार लोकांमागे एक. पण अभियानाच्या नावातच 'ग्रामीण' होतं. शहरातल्या झोपडपट्ट्या आणि भाड्याच्या खोल्या बाहेर राहिल्या. शहरात दवाखाने आहेत, मग अडचण कसली, असा समज होता. शहरी अभियानाला मंजुरी मिळाली ती 1 मे 2013 रोजी, म्हणजे आठ वर्षांनी. त्यात 200 ते 500 गरीब घरांमागे एक आशा आणि 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती ठरली. समितीला वर्षाला 5 हजार रुपयांचा निधी आणि स्वतःचं बँक खातं. मैत्रिणींनो, नीट ऐका: वस्तीत आधीपासून बचत गट असेल, तर त्यातूनच ही समिती करता येते.

आता मानधनाचं बोलू. 2020 साली कोरोना आला, तेव्हा 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर कोण फिरलं? आशाताई. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. तरी कागदावर त्या 'स्वयंसेविका'च. पगार नाही, कामागणिक मोबदला. महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक ताईंना 2021 साली संप करावा लागला, 2023 सालीही करावा लागला. मुंबईत आझाद मैदानावर बसल्यावर, मार्च 2024 मध्ये राज्य सरकारनं आशांच्या मानधनात 5 हजारांची वाढ दिली. पन्नास रुपयांपासून इथवर यायला जवळजवळ 47 वर्षं लागली. दार उघडून घेण्याचं काम बाईला जमतं, हे सगळ्यांनी मान्य केलं. ते काम आहे आणि त्याला दाम हवा, हे मान्य व्हायला मात्र इतका उशीर लागतो. बाईनं केलं की ती सेवा, अशी आपल्या घरातही सवय आहेच की!

मग आपल्या गटानं काय करायचं? गावातून कुणी बारामतीला राहायला निघालं, तर निघण्याआधी गावच्या आशाताईंना सांगा. गरोदरपणाचं कार्ड, बाळाचं लसीकरण कार्ड, टीबीचे कागद सोबत द्या. टीबीचे उपचार किमान सहा महिने चालतात आणि ते नव्या पत्त्यावर वर्ग करून घेता येतात. पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये मिळतात, तेही बुडता कामा नयेत. शहरातल्या नातेवाइकांना विचारा, तुमच्या वस्तीत महिला आरोग्य समिती आहे का? आणि गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीला आपल्या गटाची बाई बसते का, हेही बघा.

आणि आशाताई दारात आल्या, तर त्यांना उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवू नका. आत बोलवा, पाणी द्या आणि विचारा, "ताई, या महिन्याचं मानधन जमा झालं का?"