इंजिनावर हात ठेवणारा फिटर

मागच्या महिन्यात गणेशपुरीला मामाकडे गेले होते. गेले होते खरं तर प्रबंधाच्या कामासाठी, पण मामाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा होता आणि मी 'ट्रॅक्टरवरच शिकतेय' म्हणून मलाही बरोबर घेतलं. मामा, अंबाडी नाक्यावरचा एक फिटर आणि मी. ट्रॅक्टर मांडवाखाली धुऊनपुसून उभा होता, मडगार्डला नवा रंग. मालक म्हणाला, "लावा चावी, एका झटक्यात सुरू होतो."

फिटरने चावी घेतलीच नाही. बॉनेटच्या बाजूने हात घालून इंजिनाच्या ब्लॉकवर तळवा ठेवला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "गरम आहे. उद्या सकाळी येतो. मी येईपर्यंत सुरू करू नका."

आम्ही परत फिरलो. मामा वैतागला. मी मात्र रात्रभर त्या तळव्याचाच विचार करत होते, कारण माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा अडलेला प्रश्न तिथे होता: यंत्र आलं तेव्हा ते पारखायचं ज्ञान कुठून आलं?

आधी थोडा मागचा हिशोब. स्वातंत्र्यानंतर सरकारने अमेरिकी लष्कराच्या उरलेल्या ट्रॅक्टरांवर सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली, कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडायला. त्यासाठी 1949 मध्ये जागतिक बँकेकडून 1 कोटी डॉलरचं कर्जही घेतलं. 1956 मध्ये सोविएत यंत्रांवर राजस्थानात सुरतगडचं सरकारी फार्म सुरू झालं. म्हणजे सुरुवातीचा ट्रॅक्टर बराचसा सरकारी होता. सामान्य शेतकऱ्याच्या दारात तो यायला लागला ते देशात कारखाने निघाल्यावर: 1959 मध्ये फरिदाबादला आयशर, मग मद्रासला टॅफे, आणि आपल्या जवळचा म्हणजे कांदिवलीचा. महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी 1963 मध्ये मिळून कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत बी-275 बाहेर पडायला लागला. मूळचा तो इंग्लंडात ब्रॅडफर्डला बनणारा ट्रॅक्टर. आमच्याकडचे म्हातारे अजूनही कुठल्याही जुन्या लाल ट्रॅक्टरला 'बी दोनशे पंच्याहत्तर'च म्हणतात.

पण त्या काळात मागणी इतकी आणि माल इतका कमी, की नवा ट्रॅक्टर मिळायला नंबर लावून बसावं लागे. सरकारने आधी किमतींवर आणि मग 1971 मध्ये वाटपावरही नियंत्रण आणलं. नवा मिळत नाही म्हटल्यावर जुन्याला भाव येणारच. आणि जुना घ्यायचा म्हणजे तो बघणार कोण?

नवा ट्रॅक्टर तपासायला सरकारकडे यंत्रणा होती. मध्य प्रदेशात बुदनीला 1955 मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र निघालं आणि काही वर्षांत तिथे चाचण्याही सुरू झाल्या. ही कल्पना अमेरिकेत आधीपासून होती. नेब्रास्काच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला, तो फसवा निघाला; तो माणूस पुढे विधानसभेत गेला आणि 1919 मध्ये त्याने कायदाच करून घेतला, की चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. (फसलेल्या गिऱ्हाइकाने इतका जोरदार सूड उगवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.) पण बुदनी काय, नेब्रास्का काय, दोन्हीकडे तपासायचे ते नवं मॉडेल. पंधरा पावसाळे खाल्लेला, तीन मालक बघितलेला एखादा ट्रॅक्टर तपासायला कुठलीच संस्था नव्हती. आजही नाही.

माझं म्हणणं असं की ही पोकळी बैलबाजाराने भरून काढली.

मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. तिथे बैल घेणारा आधी तोंड उघडून दात बघतो. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. दुधाचे दात पडून पक्के दात येण्याचा क्रम ठरलेला, त्यामुळे मालक काहीही सांगो, वय तोंडात लिहिलेलं असतं. मग खांदा, खूर, चाल. उभा बैल कुणीही दाखवेल, चालवून बघतो तोच जाणता.

ट्रॅक्टरला दात नाहीत. तासांचा मीटर असतो, पण त्याची केबल तुटलेली असते किंवा मीटरच बदललेला असतो. म्हणून जाणता फिटर मीटर बघतच नाही. तो क्लचच्या पेडलचं रबर बघतो, ब्रेकच्या पेडलचं झिजलेलं लोखंड बघतो, पुढच्या चाकाला दोन्ही हातांनी हलवून किंगपिनची ढील बघतो. पेडल गुळगुळीत आणि मीटरवर बाराशे तास, म्हणजे दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि ते पेडल नाही.

आमच्या भागात आणखी एक पारख लागते, जी घाटावरच्या फिटरला तितकी लागत नाही. इथला ट्रॅक्टर दोन आयुष्यं जगतो. पावसाळ्यात लोखंडी चाकं लावून भातखाचरात चिखलणी करतो, आणि आवणी संपली की उरलेलं वर्ष वीटभट्टीवर ट्रॉली ओढतो. चिखलणीने ऑइल सील जातात, मागच्या धुऱ्यात आणि ब्रेकमध्ये चिखलपाणी शिरतं. ट्रॉलीने क्लच, ब्रेक आणि हुक जातो. त्यामुळे हुकाचं भोक लांबट झालंय का, ट्रॉलीच्या उतारावर गिअर सुटतो का, मागच्या धुऱ्याच्या टोकाशी तेल ओलं आहे का, हे तिन्ही बघितलं की ट्रॅक्टर कुठे राबला ते कळतं. नांगराखालच्या ट्रॅक्टरपेक्षा भट्टीवरचा स्वस्त मागायचा, असा इथला हिशोब.

आता विद्यापीठातली गोष्ट. 1970 मध्ये जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. विषय जुन्या मोटारींचा: विकणाऱ्याला खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो, आणि मग चांगली गाडीवाला बाजारात येतच नाही. त्याला पुढे 2001 चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे हा निबंध लिहिण्याच्या सुमारास तो वर्षभर भारतात होता, आणि निबंधात आपल्याकडची तांदूळ निवडणारी बाईही आहे, मुद्दाम मिसळलेले खडे वेचणारी. मला त्यात एकच कमी वाटतं: त्या बाईची नजर त्याला खर्च वाटली, मला ती विद्या वाटते.

कायदा काय म्हणतो? 1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 17 मध्ये लबाडीची व्याख्या आहे, आणि खाली उदाहरण आहे घोड्याचं. घोडा सदोष आहे हे माहीत असून लिलावात विकणारा गप्प राहिला, तर ती लबाडी नाही. पण घेणारा म्हणाला, 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन', आणि तरी विकणारा गप्प राहिला, तर ती शांतता म्हणजे बोलणंच. पण कलम 19 मध्ये मेख आहे: साध्या दक्षतेने खोट कळण्यासारखी होती आणि तुम्ही बघितलंच नाही, तर अशा गप्प बसण्याची तक्रार चालत नाही. म्हणजे बघायचंही आणि विचारायचंही. हे मी रात्री मामाला समजावून सांगितलं. मामा म्हणाला, "हे आमच्या आज्याला माहीत होतं. तो चार माणसांसमोर विचारायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोचलो. फिटरने परत तळवा ठेवला. गार. आधी डिपस्टिक काढून तेल बोटावर घेतलं. दुधाळ नाही, म्हणजे पाणी मिसळत नाहीये. मग चावी. तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झाला. पांढरा धूर मिनिटभरात जायला हवा. तो गेला, पण मागून निळसर यायला लागला. फिटरने तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं, तिथूनही भकाभका वाफारा. रिंगा गेल्या होत्या. मग रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद केलं आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत रोटाव्हेटर जमिनीला टेकला होता.

मालकाचे दोन शेजारी येऊन उभे होते. मामाने त्यांच्याकडे बघत मालकाला विचारलं, "शेठ, इंजिन खोललेलं नाही, असं मी धरून चालू ना?"

मालक बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खोललंय एकदा. दोन वर्षं झाली. लिफ्टचं काम बाकी आहे."

तिथून बोलणी खरी सुरू झाली. इंजिनाचं काम, लिफ्टची सीलं आणि मजुरी असा हिशोब फिटरने सिगारेटच्या पाकिटावर केला, आणि तेवढी रक्कम कमी करून भाव ठरला. पैसे अजून दिलेले नाहीत. आरसी बुकावर बँकेचा बोजा दिसतोय. कर्ज फिटल्याचं मालक सांगतो, पण बँकेच्या सहीचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय मामा फॉर्म 29 आणि 30 वर सही घ्यायला तयार नाही. ट्रॅक्टर तिथेच मांडवाखाली आहे.