गुडघ्यात टोचून घेतलेले स्फटिक

१९६२ साली फेअर्स आणि मॅकार्टी या दोन अमेरिकी डॉक्टरांनी प्रयोगशाळेत तयार केलेले युरेटचे स्फटिक सुईने स्वतःच्याच गुडघ्यांत सोडून घेतले. काही तासांतच सांधा सुजला, तापला आणि वेदना असह्य झाल्या. गाऊटच्या रुग्णाला येतो तसाच तो झटका होता.

गाऊटमध्ये रक्तातील युरिक आम्ल वाढते, हे लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८४८ सालीच दाखवले होते. सांध्यातील द्रवात युरेटचेच स्फटिक असतात, हे मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ साली ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. स्फटिकांमुळे दाह होतो, हे आता स्वतःच्या देहावर सिद्ध झाले. परंतु क्षाराच्या निर्जीव कणाला शरीराने जंतूसारखे का वागवावे? पुढे कुत्र्यांवरील प्रयोगांत रक्तातील पांढऱ्या पेशी घटवताच तेच स्फटिक जवळजवळ निरुपद्रवी ठरले. आग लावत होते ते शरीराचेच पहारेकरी. मात्र त्यांना जागे कोण करते, हे कळायला आणखी चार दशके जावी लागली.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युर्ग चॉप यांच्या गटाने २००२ साली पेशीच्या आत जुळून येणाऱ्या एका प्रथिनसमूहाला ‘इन्फ्लमासोम’ असे नाव दिले. २००६ साली याच गटाने दाखवले, की मॅक्रोफेज पेशीने युरेटचा स्फटिक गिळल्यावर एनएलआरपी३ हा जन्मजात प्रतिकारशक्तीचा ग्राही सक्रिय होतो, कॅस्पेज-१ हे विकर कामाला लागते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश बाहेर पडतो. गंमत अशी, की हा ग्राही स्फटिकाला प्रत्यक्ष ओळखतच नाही. गिळलेल्या स्फटिकाने पेशीत माजवलेला गोंधळ, विशेषतः पोटॅशियमची गळती, तेवढी त्याला जाणवते. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच.

गाऊटवरील जुने औषध कोल्चिसिन हा संदेश रोखते, हेही त्याच शोधनिबंधात दिसले. आपल्याकडील कळलावीत, म्हणजे तामिळनाडूच्या राज्यफुलात, हेच द्रव्य असते. ती वनस्पती अत्यंत विषारी आहे, त्यामुळे घरगुती प्रयोग कुणी करू नयेत.

२००७ साली लोझानमधीलच डॉक्टरांनी इंटरल्यूकिन-१ ला अडवणारे अनाकिन्रा हे औषध गाऊटच्या १० रुग्णांना दिले. तोवर ते आमवातासाठी वापरले जात असे. दहाही जणांच्या वेदना झपाट्याने ओसरल्या.