रिकामी केलेली खोली

आमचं उज्जैनचं घर कार्तिक चौकाजवळ, रामघाटाकडून येणाऱ्या रस्त्यावर. वरच्या मजल्यावर रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली होती. तिला घरात ‘यात्रेकरूंची खोली’ म्हणत; आत विद्यार्थी राहत असला तरी नाव तेच. ‘जास्तीची खोली होती म्हणून भाड्यानं देत होतात ना?’ असं मी एकदा आजीला विचारलं. तांदूळ निवडणारे तिचे हात थांबले. "जास्तीची कुठली, अगं? सहा माणसं आणि तीन खोल्या. ती रिकामी नव्हती, आम्ही रिकामी करायचो."

आजोबा घराची हकीकत राणोजी शिंद्यांपासून सांगत. महाकालाचं मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या रामचंद्रबाबा सुखटणकरांचं नाव घेताना हात जोडत. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. दरबारामागून पुष्कळ घरं गेली, आमचं क्षिप्राकाठीच राहिलं. संस्थानाकडून वर्षासन येई, त्यावर भागे. 1948 साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि पुढच्या काही वर्षांत वर्षासन आटलं. आजोबांची गोष्ट इथं संपायची. आजीची इथून सुरू व्हायची.

पहिले आले ते वऱ्हाडातले यात्रेकरू. खांडव्याहून येणारी मीटरगेज गाडी होती. ओंकारेश्वर करून लोक महाकालाला येत आणि उतरायला मराठी घर शोधत. भाडं ठरवायचा आजीला संकोच वाटे. जाताना माणसं कोनाड्यात पैसे ठेवत आणि ती गेल्यावरच आजी कोनाड्याकडे बघे. भस्मारतीला जाणाऱ्यांसाठी रात्री दोन वाजता बंब पेटवायचा, तो तिनंच. सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं, "आपल्या घराची धर्मशाळा करणार का?" त्यांचाच बिछाना त्या खोलीतून स्वयंपाकघरात आला होता. त्यांचा राग मला आजही खरा वाटतो. म्हातारपणी आपली उशी दुसऱ्या कोणासाठी उचलून न्यायची, ही लहान गोष्ट नव्हे.

1957 साली विक्रम विद्यापीठ सुरू झालं आणि शाजापूर, मंदसौरकडची मुलं खोली विचारत येऊ लागली. मग 1961 चा भाडेनियंत्रण कायदा आला. एकदा किरायेदार बसला की उठवणं अवघड, ही धास्ती गल्लीतल्या प्रत्येक घराला होती. आजीनं त्यावर आपलं पंचांग बसवलं: जुलैपासून परीक्षेपर्यंत विद्यार्थी, उन्हाळ्यात यात्रेकरू. परीक्षा झाली की मुलगा आपोआप गावी जाई, कागदाची गरजच पडत नसे. आणि बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की चैत्री पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत सिंहस्थ. तेव्हा एका खोलीच्या तीन खोल्या व्हायच्या. 1980 च्या सिंहस्थात अख्खं घर महिनाभर गच्चीवर झोपलं. दिवसा लू चाले, पण माळव्याची रात्र गार, म्हणून ते जमलं.

एक अट मात्र प्रत्येकाला तोंडी सांगितली जाई: सवारीच्या दिवशी खिडकी आमची. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची पालखी रामघाटावर पूजा होऊन आमच्याच रस्त्यानं गोपाळ मंदिराकडे जाते. आपला श्रावण तिथल्यापेक्षा पंधरा दिवस मागून लागतो. शिंद्यांच्या काळापासूनच्या मराठी रिवाजामुळे तिथल्या भाद्रपदाच्या वद्य पक्षातही सवारी निघते. तेवढ्या सोमवारी दुपारी आम्ही सगळे भाडेकरूच्या खोलीत शिरायचो. मंदसौरचा एक मुलगा आपली पुस्तकं पलंगाखाली सारून आजीसाठी खिडकीशी पाट मांडायचा. तिच्या लग्नातला तो पाट होता.

हिशेबाची वही अजून आहे. नाव नाही, फक्त गाव: ‘अकोला, चार माणसं, तीन दिवस.’ पुढे रक्कम. समोरच्या पानावर तिचं काय झालं ते: कवेलू फिरवले, बाबांची फी, आत्याची भांडी. घरातला बाकी सगळा पैसा आजोबांच्या हातून जाई. या वहीला त्यांनी कधी हात लावला नाही. पुढे नव्वदच्या दशकात काकांची गिरणीतली नोकरी गेली, थकलेला पगार अडकून राहिला. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या आजीनं स्वतःची गादी गुंडाळली. कोणी सांगायच्या आत.

माझ्या लहानपणी मला वाटे, आजीला गच्ची आवडते.

11 ऑक्टोबर 2022 ला मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ हा नवा परिसर खुला झाला आणि गर्दी बारमाही झाली. गल्लीत घरोघरी ‘होमस्टे’च्या पाट्या लागल्या. आमच्या खोलीला आता एसी आहे, स्वतंत्र न्हाणीघर आहे, आणि 2028 च्या सिंहस्थाची विचारणा आत्तापासून सुरू आहे. वहिनीच्या मुलाची शिकवणीची फी त्यातून जाते. तो अभ्यास करतो जिन्याखाली, टेबलफॅन लावून.

गेल्या श्रावणात मी तिथं होते. अकोल्याच्या एका कुटुंबानं फोनवर लिहून विचारलं होतं, खोलीतून सवारी दिसते का? वहिनीनं माझ्यासमोर उत्तर टाईप केलं: ‘समोरून दिसते. पण त्या वेळी आम्हीही सगळे खिडकीशी येऊ, चालेल ना?’ आणि उत्तराची वाट न बघता माळ्यावरून पाट काढायला गेली.