रणगाडा विकून बांधलेली बालशाळा

इटलीच्या उत्तर भागांत रेजिओ एमिलिया नांवाचें शहर आहे. १९४५ सालच्या एप्रिल महिन्यांत फॅसिस्ट व जर्मन सत्तेचें जोखड त्याच्या मानेवरून उतरलें. शहरापासून कांहीं मैलांवर व्हिला चेला हें खेडें आहे. पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, कांहीं मालमोटारी व घोडे तेथील लोकांच्या हातीं लागले. ते विकून येणाऱ्या पैशाचें काय करावें, याचा गांवांत खल झाला आणि ठरलें तें असें, कीं लहान मुलांसाठीं शाळा बांधावयाची.

ही वार्ता ऐकून लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकलीवरून तेथें गेला. पाहतो तों बायका बाँबनें पडलेल्या घरांच्या विटा घासून धूत बसल्या होत्या. जागा एका शेतकऱ्यानें दिलेली, वाळू नदीची, आणि श्रम साऱ्या गांवाचे. १९२० सालीं जन्मलेल्या या शिक्षकानें १९९४ सालीं मृत्यु येईपर्यंत आपलें आयुष्य याच कार्याला वाहिलें.

पोटाला अन्न पुरेसें नसतां लोकांना शाळा कां सुचावी? मुसोलिनीच्या वीस वर्षांच्या अमलांत शाळांनीं मुलांना निमूटपणें हुकूम पाळावयास शिकविलें होतें. आज्ञाधारकपणा हा मुलाचा थोर गुण, असें बहुतेक आईबाप मानतात. या आईबापांनीं त्याची दुसरी बाजू डोळ्यांनीं पाहिली होती. आपलीं मुलें स्वतः विचार करणारीं व्हावींत, ही त्यांची मागणी होती.

१९६३ सालीं नगरपालिकेनें आपली पहिली बालशाळा उघडली. १९७१ सालीं तीन वर्षांखालील मुलांसाठीं पहिलें शिशुगृह निघालें. त्यास जेनोएफ्फा चेर्वी या शेतकरी मातेचें नांव देण्यांत आलें. तिचे सात मुलगे फॅसिस्टांनीं २८ डिसेंबर १९४३ रोजीं एकाच दिवशीं गोळ्या घालून मारले होते. अशा नांवाच्या घरांत मुलांना कसें वागवावयाचें, हें निराळें सांगण्याची गरज नव्हती.

परंतु ज्या मुलाला अजून बोलतां येत नाहीं, त्यानें शिक्षणाची दिशा ती काय दाखवावी? याचें उत्तर तेथील एका शिशुगृहांतील प्रसंगानें मिळतें. वर्षहि न भरलेली एक मुलगी शिक्षिकेजवळ बसून घड्याळांचें सूचिपत्र पाहत होती. तिची नजर चित्रांवर खिळलेली पाहून शिक्षिकेनें आपल्या मनगटावरचें घड्याळ तिला दाखविलें, मग तें तिच्या कानाशीं धरलें. टिकटिक ऐकून मुलगी क्षणभर स्तब्ध राहिली, आणि मग तिनें वांकून आपला कान कागदावरील घड्याळाला लावला. हें घड्याळ वाजतें, तर तेंहि वाजत असेल, असा तर्क त्या जिवानें केला व लागलाच तपासूनहि पाहिला.

असा प्रसंग वायां जाऊं न देणें, हेंच तेथील शिक्षिकांचें काम. एका वर्गावर दोघी असतात. मुलें काय करतात, कशापाशीं थांबतात, याचीं टिपणें व छायाचित्रें त्या ठेवतात, एकत्र बसून त्यांवर चर्चा करतात आणि त्यावरून पुढें कोणतें साहित्य मांडावयाचें तें ठरवितात. सावली, पाणी, पाखरें, ज्यांत मुलांचें मन रमेल तो उपक्रम. तो एक दिवस चालेल किंवा कांहीं महिने. ठरलेला पाठ देण्यापेक्षां हें काम कष्टाचें आहे, कारण येथें मोठ्या माणसाला आधीं गप्प बसून पाहावें लागतें.

१९९१ सालीं एका अमेरिकन साप्ताहिकानें या शहरांतील डायाना बालशाळेची गणना जगांतील उत्तम शाळांत केली, आणि देशोदेशींचे शिक्षक तेथें येऊं लागले. त्यांना तेथें तयार अभ्यासक्रम मिळाला नाहीं. भिंतींवर लावलेलीं मुलांचीं चित्रें व त्यांचे शब्द त्यांनीं पाहिले, आणि मुलाचें म्हणणें लक्ष देऊन ऐकण्याची संवय हीच या शाळांची खरी पुंजी, हें त्यांस उमगलें.